आत्याला फोन करायचा राहिला आहे

सांगली जिल्ह्यातली, सध्या पुण्यात नोकरी करणारी २९ वर्षांची एक वाचक लिहिते: वडील ४६व्या वर्षी शेतातच कोसळून गेले. मोठ्या काकांची ५१व्या वर्षी मिरजेत बायपास झाली. आता ३८ वर्षांच्या दादाला सात महिन्यांपूर्वी दोन स्टेंट टाकले. दादा माळकरी, अंगानं काटक, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा. 'आपल्या रक्तातच आहे,' असं घरात सगळे म्हणतात, म्हणून तिनं ऑनलाइन किट मागवून लाळेची जनुकीय तपासणी केली. रिपोर्टमध्ये हृदयविकाराचा धोका 'जास्त' आणि मधुमेहाचा 'मध्यम' आला. तो फक्त दादाला आणि मावशीला दाखवला. दादा म्हणाला, 'जे जन्मतःच लिहिलंय ते गोळ्यांनी पुसणार आहे का?' आणि दोन महिन्यांपासून त्यानं सगळ्या गोळ्या सोडल्या आहेत. मावशीचं वेगळंच. आत्याच्या मुलाचं स्थळ आलं आहे आणि ती म्हणते, 'घरातलंच स्थळ, कोणी काही विचारणार नाही. तो कागद फाडून टाक.' पत्राच्या शेवटी जाता जाता तिनं लिहिलं आहे की अँजिओच्या वेळी दादाचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २४८ होता, पापण्यांवर बाबांसारखेच पिवळसर डाग आहेत, आणि टाचेमागची शीर इतकी जाड आहे की नवीन बूट कायम टोचतात. तिचे प्रश्न दोन. माझंही ठरलेलंच आहे का? आणि लग्नाआधी हे सांगावं की लपवावं?

---

पत्रात तू मला 'डॉक्टर काकू' म्हटलं आहेस, तेव्हा मीही सरळ 'तू'च म्हणते.

तुझ्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी दादा. स्टेंट टाकून सात महिने झालेला माणूस रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करतो, तेव्हा त्या स्टेंटमध्येच गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. तसा झटका जिवावर बेतू शकतो. हे वाचून झालं की, किंवा वाचणं अर्धं सोडून, त्याला फोन कर. ज्यांनी स्टेंट टाकले त्या डॉक्टरांना आजच गाठायचं, दोन महिने गोळ्या बंद आहेत हे खरं खरं सांगायचं आणि ते सांगतील तशा सुरू करायच्या. रागावू नकोस त्याच्यावर. अडतिसाव्या वर्षी छातीत जाळ्या बसलेल्या माणसाला नशिबावर ढकलणं सोपं वाटतं. माझ्या दवाखान्यात असे कितीतरी जण येऊन गेले.

झाला फोन? आता बोलू.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू सगळ्यात शेवटी लिहिलीस, तीही बुटांची तक्रार म्हणून. पापण्यांवरचे पिवळे डाग, टाचेमागची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) आणि २४८ एलडीएल. शिवाय झटक्याच्या दिवसांत एलडीएल उलट थोडा खाली जातो, म्हणजे दादाला तेव्हा झटका आला असेल तर त्याचा नेहमीचा आकडा याहूनही जास्त असू शकतो. पत्रावरून निदान करू नये हे मला माहीत आहे. पण हे तिन्ही एकत्र, त्यात वडील ४६व्या वर्षी आणि काका ५१व्या वर्षी, म्हटल्यावर शंका न घेणारा डॉक्टर डुलक्या काढत असला पाहिजे. ही शंका आहे पिढीजात वाढलेल्या कोलेस्टेरॉलची. नाव लांबलचक आहे, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. आम्ही आपसांत 'एफएच' म्हणतो. साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो, म्हणजे फारसा दुर्मीळ नाही. बहुतेकांना तो आहे हे पहिला झटका येईपर्यंत कळत नाही, एवढंच.

काय होतं ते तुला तुमच्याकडच्याच चित्रातून सांगते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गाड्या येतात. हमाल त्या रिकाम्या करून माल गोदामात टाकतात आणि रस्ता मोकळा राहतो. एलडीएल म्हणजे त्या गाड्या आणि यकृत म्हणजे गोदाम. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे हमाल असतात. हे हमाल बनवायची सूचना आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी दोन ठिकाणांहून मिळते. एफएचमध्ये त्यातली एक सूचना बिघडलेली असते, म्हणून जन्मापासूनच हमाल निम्मे. गाड्या रस्त्यावरच उभ्या राहतात. वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या की माल रस्त्याच्या कडेला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतो. थोडा पापणीवर आणि टाचेच्या शिरेतही साचतो. अमेरिकेत डॅलस इथं मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोघांनी १९७० च्या दशकात, लहानपणीच हृदयविकार होणाऱ्या मुलांच्या त्वचेच्या पेशी तपासून हे हमाल शोधले. त्यासाठी १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं.

दादा माळकरी आहे, काटक आहे, मग त्याला का, हा प्रश्न तुमच्या घरात पन्नासदा झाला असेल. शंका खरी असेल, तर आजार याच कारणानं झाला. हमाल कमी असताना माणूस भाकरी-आमटी खातो की मटण, यानं फरक पडतो, पण थोडा. एफएचमध्ये नुसत्या पथ्यानं भागत नाही, गोळी लागतेच.

आता तुझ्या किटबद्दल. तू तो कागद इतका जपून लपवला आहेस की मला जरा हसू आलं. तो कागद लपवण्याच्या लायकीचा नाही, आणि घाबरण्याच्याही नाही. त्यात 'जास्त' म्हटलंय ती वेगळीच गोष्ट आहे. हृदयविकाराशी नातं असणाऱ्या जनुकीय जागा संशोधकांनी गेल्या वीसेक वर्षांत शेकड्यांनी शोधल्या. नवव्या गुणसूत्रावरची ९पी२१ ही त्यातली प्रसिद्ध जागा २००७ मध्ये सापडली. तिचा धोक्याचा नमुना युरोपीय वंशाच्या जवळपास दर चौथ्या माणसात आईकडून आणि वडिलांकडून असा दुहेरी असतो. एवढ्या लोकांत असलेल्या गोष्टीनं धोका थोडाच वाढतो, नाहीतर निम्म्या जगानं पन्नाशी गाठलीच नसती. किटवाले अशा असंख्य छोट्या जागांची बेरीज करून 'जास्त', 'मध्यम' असा शिक्का मारतात. त्या बेरजेचा हिशेब बहुतांशी युरोपीय लोकांच्या माहितीवर बसवलेला असतो आणि आपल्याकडच्या माणसांना तो तितकासा नीट बसत नाही. भारतातल्या १०,००० माणसांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांसाठी खुली झाली ती आत्ता, जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे आपल्या मापाचा अंगरखा अजून शिवला जातो आहे.

आणखी एक गंमत बघ. एफएचचे बिघाड एकट्या एलडीएल-हमालाच्या जनुकातच दोन हजारांहून जास्त प्रकारचे सापडले आहेत. लाळेच्या स्वस्त किटमध्ये ठरावीक जागाच तपासतात, पूर्ण जनुक वाचत नाहीत. तेव्हा तुझ्या रिपोर्टमध्ये एफएचबद्दल काही लिहिलेलं नाही, याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. ज्यासाठी तू पैसे घातलेस ते उत्तर तिथं नव्हतंच. ते गल्लीतल्या लॅबमध्ये, काही शे रुपयांच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीत आहे.

हो, लिपिड प्रोफाइल. तू २९ वर्षांची आहेस, वडील ४६व्या वर्षी गेले, भावाला स्टेंट पडले, तुझी लाळ परगावी जाऊन आली, आणि तुझा स्वतःचा एलडीएल किती हे अख्ख्या पत्रात नाही. हा दोष तुझा नाही. आपल्याकडे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबद्दल पहिल्यांदा स्वतःची मार्गदर्शक सूचना काढली, आणि तिच्यात पहिलं लिपिड प्रोफाइल १८व्या वर्षी करा, घरात असा इतिहास असेल तर त्याही आधी, असं सांगितलं आहे. तुमच्या घरी ते कोणी सांगितलंच नाही. दादाला स्टेंट टाकले त्या दिवशी 'भावंडांचं आणि मुलांचं कोलेस्टेरॉल तपासा' असं एक वाक्य कोणीतरी बोलायला हवं होतं. आम्हा डॉक्टरांचं हे नेहमीचं राहून जाणं आहे, मीही त्यात आले.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नावर. ठरलेलं आहे का? बाबांकडून बिघडलेली सूचना तुझ्याकडे येण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा, ते नाणं १९९० च्या दशकातच पडून गेलं आहे. कुठल्या बाजूनं पडलं ते अजून कोणी वाकून पाहिलेलं नाही. मोठ्या माणसाचा औषधाशिवाय एलडीएल १९० च्या वर असेल तर एफएचची शंका घट्ट होते. तुझा ११० आला तर बहुधा तू सुटलीस. मधला कुठला आकडा आला, तर या आजाराच्या जनुकांची पूर्ण तपासणी करायची, लाळेच्या किटची नव्हे. ती आधी दादाची करतात. त्याच्यात नेमका बिघाड सापडला की बाकीच्यांत तेवढाच शोधणं सोपं आणि स्वस्त पडतं. बरोबर थायरॉईडही तपासून घे, कारण थायरॉईड मंद असला तरी एलडीएल चढतो आणि उगाच गोंधळ होतो. लिपोप्रोटीन-ए नावाची आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा करून ठेव. तेही जवळजवळ सगळं आईवडिलांकडूनच येतं, सहसा बदलत नाही, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर डॉक्टर बाकी सगळं जरा जास्त कडक ठेवतात.

समजा नाणं वाईट बाजूनं पडलं आहे. मग?

मग मी तुला ॲमस्टरडॅमची गोष्ट सांगेन, आणि हीच तू दादाला वाचून दाखव. तिथं एफएच असलेल्या २१४ मुलांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी लहानपणीच सुरू केली आणि वीस वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०१९ मध्ये निकाल छापून आला. या मुलांची तुलना त्यांच्याच आजारी आईवडिलांशी केली होती, म्हणजे त्याच घरातला तोच बिघाड, फक्त गोळी मिळालेली पिढी आणि न मिळालेली पिढी. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत आईवडिलांपैकी २६ टक्क्यांना हृदयविकाराचा काही ना काही प्रसंग आला होता आणि ७ टक्के त्यातच गेले होते. मुलांमध्ये प्रसंग १ टक्क्याला आला. मृत्यू एकही नाही.

'जन्मतःच लिहिलंय ते गोळ्यांनी पुसणार का?' पुसत नाही. लिहिलेलं तसंच राहतं. स्टॅटिन यकृताला स्वतःचं कोलेस्टेरॉल कमी बनवायला लावते, मग यकृत उरलेल्या चांगल्या सूचनेवरून जास्त हमाल कामाला लावतं आणि रस्ता मोकळा होतो. तेवढ्यानं भागलं नाही तर आणखी औषधं आहेत, आणि तीसुद्धा जनुकांच्या अभ्यासातूनच आलेली. फ्रान्समधल्या काही घराण्यांत २००३ मध्ये पीसीएसके९ नावाच्या जनुकाचं एफएचशी नातं सापडलं. हा समज हमालांचा मुकादम, त्यांना लवकर घरी पाठवणारा. काही माणसांत हा मुकादम जन्मतःच निकामी असतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या पाहणीत अशी माणसं सापडली. त्यांचा एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होता, आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०१५ मध्ये या मुकादमाला अडवणारी इंजेक्शनं बाजारात आली. महाग आहेत, सगळ्यांना लागत नाहीत. पण आजार रक्तातला आहे हे कळल्यामुळेच ती तयार झाली, हे दादाला सांग. 'रक्तातच आहे' हे गोळी सोडायचं कारण नाही, तेच गोळी घ्यायचं कारण आहे.

किटवाल्या 'जास्त'चं सुद्धा तसंच. जनुकीय बेरजेत वरच्या गटात असलेल्या, पण सिगारेट नाही, वजन ताब्यात, व्यायाम आणि बरं खाणं यांतल्या किमान तीन गोष्टी पाळणाऱ्या लोकांचा हृदयविकाराचा धोका त्याच गटातल्या, तशा न राहणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मा निघाला. ५५,००० हून जास्त लोकांचा हा अभ्यास २०१६ चा. आणि मधुमेहाच्या 'मध्यम'कडे बघताना वजनकाट्यावर फार विसंबू नकोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला काटक, आतून लोणी, हा आपला देशी प्रकार. तेव्हा वर्षातून एकदा शुगर आणि कमरेला टेप, एवढं पुरे.

आता स्थळ. इथं मला जरा सावकाश बोलू दे, कारण तुझा प्रश्न मला चुकीच्या दारावर उभा दिसतो.

सासरच्यांना सांगावं की लपवावं, असं तू विचारतेस. बाहेरचं स्थळ असतं तर मी म्हटलं असतं, आधी तुझा आकडा काढ. एलडीएल चांगला निघाला तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. 'वडील हृदयविकारानं लवकर गेले' हे तर गावाला माहीत आहे. आकडा वाईट निघाला तर सुपारी फुटायच्या आधी मुलाला, सासू-सासऱ्यांना नव्हे तर मुलाला, दोन वाक्यांत सांग: 'मला पिढीजात कोलेस्टेरॉल आहे. रोज गोळी घेते, आणि मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून ती थांबवावी लागेल.' गरोदरपणात स्टॅटिन साधारणपणे बंद ठेवतात, म्हणून ही माहिती नवऱ्याला लागतेच. यावरून कोणी मागे सरकला तर सरकू दे.

पण हे स्थळ आत्याचं आहे. आत्या म्हणजे बाबांची बहीण. जे बाबांकडून तुझ्याकडे आलं असेल, ते आजी-आजोबांकडून आत्याकडेही आलं असेल. तिच्यात असण्याची शक्यता निम्मी, तिच्या मुलात पाव. मावशी म्हणते कोणी काही विचारणार नाही, आणि ते खरंच आहे. नेमकी अडचण तीच. ज्यांनी विचारायला हवं, तेच विचारणार नाहीत.

तुम्हा दोघांतही ती बिघडलेली सूचना असेल, तर प्रत्येक बाळाला दोन्हीकडून बिघाड मिळण्याची शक्यता चारात एक. निम्मे हमाल नाहीत मग, जवळजवळ एकही नाही. अशा मुलांचा एलडीएल ४००-५०० च्या पुढे जातो, गुडघ्या-कोपरांवर पिवळ्या गाठी येतात, दहा-वीस वर्षांच्या आत हृदयाला त्रास होऊ शकतो. आणि गोळ्या लागू पडायला जे हमाल लागतात तेच नसल्यामुळे उपचारही अवघड. ब्राउन आणि गोल्डस्टाइन ज्या मुलांपासून सुरुवात करत होते, ती हीच.

मी तुला घाबरवत नाही, आणि मामाआत्याच्या लग्नांवर प्रवचनही देणार नाही. आपल्या भागात ती होत आली आहेत, माझ्या स्वतःच्या माहेरी दोन आहेत, दोन्ही सुखात. तुझा किंवा त्याचा, कोणाही एकाचा एलडीएल चांगला निघाला, तर या एका आजाराचा हा दुहेरी धोका बहुधा मिटला. मग लग्न करायचं की नाही हे तो आवडतो का, यावर ठरव. तू पत्रात त्याच्याविषयी एक शब्दही लिहिलेला नाहीस, हे आपलं सहज लक्षात आणून देते.

म्हणून आत्याला फोन करायचा तो स्थळासाठी नाही. लग्न मोडलं तरी करायचा, जमलं तरी करायचा. आत्या साठीच्या आसपास असेल. तिला तपासायला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही, कारण बायकांच्या छातीत दुखलं तर आपल्याकडे ॲसिडिटी म्हणतात. लपवायचं की सांगायचं असा प्रश्न ज्यांच्याबद्दल तू विचारलास, त्यांना तुझ्या लग्नाआधी स्वतःच्या जिवासाठी ही माहिती हवी आहे. काकांच्या मुलांनाही.

फोनवर किटचं नाव काढू नकोस, जनुक हा शब्दही नको. म्हण, 'आत्या, दादाच्या डॉक्टरांना शंका आहे की बाबांकडचं कोलेस्टेरॉल घराण्यात आहे. सगळ्यांनीच एकदा रक्त तपासायचंय, मी पण तपासतेय.' हे खोटं ठरणार नाही, कारण त्याआधी दादा डॉक्टरांकडे जाऊन आलेला असेल आणि त्यानं टाच दाखवलेली असेल. आईला आधी विश्वासात घे. मावशीला नंतर सांगितलंस तरी चालेल.

दादाला मुलं आहेत का, ते तू लिहिलं नाहीस. असतील तर शाळेत जाणाऱ्या मुलांचंही लिपिड प्रोफाइल करून घ्या. मुलांच्या बाबतीत १९० ची वाट बघत नाहीत, १६० च्या वर गेलं तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. गोळी लागलीच तर साधारण आठ-दहा वर्षांच्या वयापासून देतात. वहिनी म्हणेल, एवढ्याशा पोराला कसली गोळी. तेव्हा ॲमस्टरडॅमचे ते दोन आकडे तिला सांग, १ आणि २६.

बोलणी महिनाभर पुढे ढकलायला काही लागत नाही, ऑफिसातलं ऑडिट सांग नाहीतर घरातलं एखादं सुतक. रक्ताचा रिपोर्ट एका दिवसात येतो. आला की मला तुझा, आत्याचा आणि तिच्या मुलाचा, असे तीन आकडे कळव. दादानं गोळी सुरू केली का तेही लिही.